कोणाबरोबर आलात

आमदारांच्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये मला दिलेली प्लास्टिकची खुर्ची डुगडुगायची. जरा हललं की ती एका बाजूला कलायची, म्हणून मी पाय जमिनीत रोवून बसत असे, आणि दुपारपर्यंत पोटऱ्या भरून यायच्या. पण उठून दुसरी घ्यावी असं मनात येत नसे. बाकीच्या खुर्च्या अर्ज घेऊन येणाऱ्यांच्या होत्या. मी अर्ज घेऊन आले नव्हते, बघायला आले होते.

राज्यशास्त्रात पीएच.डी. करते असं सांगितलं की तंजावूरजवळ आमच्या ओरत्तनाडूत लोक विचारतात, "म्हणजे पुढं निवडणुकीला उभी राहणार?" आईनंही तेच विचारलं होतं. माझा विषय तसा साधा आहे. आमदार विधानसभेत काय बोलतात, कुठल्या बाजूनं हात वर करतात, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण तिथं पक्ष ठरवतो आणि आमदार हात वर करतो. त्यात त्या माणसाचं स्वतःचं फारसं काही दिसत नाही. तो स्वतः कसा वागतो हे बघायचं तर सकाळी त्याच्या दारात बसावं लागतं. कोण काय मागायला येतं, कोणाचं काम लगेच होतं, कोणाला पाणी पाजून परत पाठवतात. तंजावूरात राहणाऱ्या एका आमदारांनी मला असं बसायची परवानगी दिली. त्यांचं नाव, पक्ष, मतदारसंघ कुठंही लिहिणार नाही असं मी लिहून दिलं आहे, म्हणून इथंही लिहीत नाही. त्याच कागदावर दुसरंही एक वाक्य होतं: या ऑफिसातून मी स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी काही मागणार नाही.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तिथं तू भिंतीवरची पाल. बघायचं. चुकचुकायचं नाही."

मी बघत होते. आमदारांच्या मदतनिसाला सगळे पीए सार म्हणत. फाटकातून माणूस आत आला की पीए सार त्याला नाव विचारत नसत, गाव विचारत नसत, काम काय तेही नाही. तमिळमध्ये पहिला प्रश्न ठरलेला: "कोणाबरोबर आलात?" मग माणूस मागे बघायचा आणि मागून कोणीतरी पुढे व्हायचं. वॉर्डाचा सेक्रेटरी, युनियनचा शाखाप्रमुख, पंचायत अध्यक्षाचा मेव्हणा. त्यांच्या वेष्टीला, म्हणजे पांढऱ्या धोतराला, पक्षाच्या रंगाचे काठ असत. बोलायचं काम तेच करत. ज्याचं काम असे तो हात जोडून त्यांच्या खांद्याआड उभा राही. ऐकून घेतल्यावर आमदार तिथल्या तिथं फोन लावत, नाहीतर पत्रावर सही करत, नाहीतर "बघू" म्हणून अर्ज पीए सारांकडे देत. पीए सारांच्या खुर्चीला कापडी पिशवी अडकवलेली असे. अर्ज तिच्यात जाई. तिच्यातून काही बाहेर आलेलं मी कधी पाहिलं नाही.

जे एकटे येत, त्यांचे अर्ज पिशवीत जात. हे माझ्या लवकरच लक्षात आलं. मग मला एक वाईट सवय लागली. फाटक वाजलं की मी माणसाकडे बघण्याआधी त्याच्या मागच्या वेष्टीचे काठ बघायचे आणि मनात म्हणायचे, फोन, किंवा सही, किंवा पिशवी. बहुतेक वेळा माझं बरोबर येई. संशोधनात असं जुळून आलं की आनंद व्हायला हवा. मला मात्र हातरुमाल सारखा पिळायची सवय झाली होती.

आमदार वाईट नव्हते, हे लिहायलाच हवं. ते कधी कोणावर ओरडल्याचं मी ऐकलं नाही. मयत, लग्न, पोरांचं कान टोचणं, जिथं बोलावणं असे तिथं ते जात. माझ्यासारख्या ओळखपाळख नसलेल्या मुलीला त्यांनी दारात बसू दिलं. रोज सकाळी घरातून सगळ्यांसाठी कॉफी येई, तिच्यात माझा पेला धरलेला असे.

आता घरचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे.

अप्पा तांदळाच्या गिरणीत काम करत. पक्षाघात झाल्यापासून त्यांची उजवी बाजू गेली. अंगानं ते मोठे आहेत. आईला ते एकटीला उठवत नाहीत, वैनीला दिवस गेलेले. त्यांना उचलायचं काम अण्णाचं, माझ्या मोठ्या भावाचं. तो सरकारी बसवर कंडक्टर आहे. ओरत्तनाडूलाच ड्यूटी होती तोवर पहाटे अप्पांना उठवून, आंघोळ घालून, खुर्चीत बसवून तो कामावर जाई. मग त्याची बदली लांब समुद्राकाठच्या एका डेपोत झाली. तेव्हापासून शेजारचे नारळवाले मामा येऊन उचलतात. भले माणूस आहेत, पण त्यांची स्वतःची गाडी भरायची असते. त्यांना उशीर झाला की अप्पा तोवर ओल्यात पडून राहतात.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. तसा सरकारी दाखलाच मिळतो, त्यावर फीत सूट मिळते, आणि तो एका घरात एकालाच मिळतो. अण्णाचे बारावीचे मार्क माझ्यापेक्षा कमी नव्हते. त्यानं कंडक्टरचं लायसन काढलं आणि तो दाखला माझ्यासाठी ठेवला. त्यानं हे कधी बोलून दाखवलं नाही. वैनी दाखवते, आणि तिला तो हक्क आहे.

मी तंजावूरला होस्टेलवर राहत होते. रोज सकाळी मी शेडमध्ये असताना आईचा फोन येई. मी तिथंच खुर्चीत बसून बोलायचे, मराठीत, आणि मोठ्यानं. आमच्याकडे सगळे असंच करतात. तंजावूरच्या मराठी घरांत पोरांना ही भाषा येते ती वाचण्यासाठी नाही, परक्यासमोर घरचं बोलता यावं म्हणून. साडीच्या दुकानात आई दुकानदाराच्या तोंडावर मला सांगते, "पहिल्या धुण्यात रंग सोडणार हा, चल उठ," आणि तो बिचारा हसत पुढची साडी उलगडतो. डॉक्टरसमोर, सासरच्या तमिळ पाहुण्यांसमोर, घरमालकासमोर, सगळीकडे हा पडदा आम्ही ओढून घेतो. देवनागरी मी कॉलेजात गेल्यावर राजवाड्यामागच्या गल्लीतल्या एका वयस्कर गृहस्थांकडून शिकले. घरी मराठी लिहिता-वाचता येणारी मी एकटीच. पण पडदा सगळ्यांकडे असतो.

तर मी शेडमध्ये बसून आईला विचारायचे, "आज नारळवाले मामा कधी आले? अप्पा किती वेळ ओले होते?" आई सांगायची. मग म्हणायची, "रोज त्या आमदाराचं तोंड बघतेस. एकदा विचार की."

"नाही विचारत म्हणून सांगितलं ना, आई."

"विचारलं तर काय जिभेला काटा लागतो?"

"अजून उठलाच नाही तो. कुंभकर्ण झोपलाय. ठेव आता."

समोर दहा माणसं बसलेली, दाराच्या आत आमदारांचं घर, आणि मी हे बोलायचे. कोणाला काय कळतंय.

अण्णा सुट्टीला घरी आला तेव्हा मीही गेले होते. ओट्यावर अप्पांना खुर्चीत बसवून तो त्यांची दाढी करत होता. वैनी दारात पाय पसरून बसली होती. तिचे पाय तेव्हा सुजत.

"एक शब्द टाकायचा," वैनी म्हणाली. "शब्दाला काय पेट्रोल लागतं?"

"वैनी, मी लिहून दिलंय. तिथून काही घ्यायचं नाही."

"घेतंय कोण? द्यायचंच तर आहे. अर्ज."

"सोड गे तिला," अण्णा म्हणाला. "ती पासवाली आहे. पासवाल्याला दुसऱ्याला बसवून नेता येत नाही."

"मग तू जा," आई आतून म्हणाली.

"जाईन की."

"एकटा जाऊ नकोस," मी म्हणाले. म्हणून झाल्यावर मला कळलं की हे मी बोलायला नको होतं. जे मी तिथं बसून शिकले होते ते मी घरी वाटत होते. तरी पुढचं तोंडातून निघालंच. "युनियनच्या सेक्रेटरीला बरोबर घे."

अण्णानं वस्तरा पाण्यात बुडवला. "कुठल्या युनियनच्या? ह्यांच्यात गेलो तर ते निवडून आल्यावर मला रामेश्वरला पाठवतील. त्यांच्यात गेलो तर हे आत्ताच पाठवतील. इतकी वर्षं मी कोणाचाच नाही, म्हणून कोणी मुद्दाम त्रास दिला नाही."

"त्रास नाही तर मग समुद्रावर काय करता?" वैनीनं विचारलं. "शिंपले वेचता?"

"तो त्रास नव्हे, ती बदली."

अप्पा हसले. त्यांना हसू आलं की एकाच बाजूला येतं, आणि साबण ओठात जातो. अण्णानं बोटानं तो पुसला.

तो येणार हे मला माहीत होतं, कधी ते माहीत नव्हतं. त्यानंतर मला शेडमध्ये बसवेना. मी रोज त्याला शोधायचे आणि तो नाही असं बघून बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटायचं. जेवण पानात राहायचं. संध्याकाळी होस्टेलवर न जाता मी राजवाड्याच्या गल्ल्यांमधून जुन्या बसस्टँडपर्यंत चालत जायचे आणि काही काम नसताना परत यायचे. मॅडमना सांगावं असं रोज ठरवायचे. काय सांगणार? भाऊ अजून आलेला नाही, हे?

तो आला तो मुहूर्ताचा दिवस होता. आमदारांना बऱ्याच लग्नांना जायचं होतं. पीए सारांच्या टेबलावर हळदीचे कोपरे लावलेल्या पत्रिकांचा ढीग होता आणि शेडमध्ये सगळ्यांना घाई होती. अण्णा खाकी घालून आला नव्हता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पाकिटात अर्ज. बाकाच्या टोकाला जागा होती तिथं बसला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. आमचं काही ठरलं नव्हतं. त्यानं आपणच ठरवलं होतं की मला ओळखायचं नाही.

मी माझ्या नोंदींच्या तक्त्यावर लिहिलं: पुरुष, तिशीतला, एकटा. अक्षर वाकडं आलं.

रांग पुढं सरकत होती. मला वाटलं उठून निघून जावं. म्हणजे निदान मी बघितलं असं होणार नाही. मी उठले, पाण्याच्या कॅनपाशी गेले, पेला भरला, न पिता ठेवला, परत आले. खुर्ची कलली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "ताप आहे का अम्मा?" मी नाही म्हणाले. मॅडमचे शब्द मनात घोळत होते, आणि अप्पांची ओली चादरही. दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या होत्या आणि त्यातली कुठलीही मला बसू देत नव्हती.

अण्णाचा नंबर आला.

"कोणाबरोबर आलात?" पीए सारांनी विचारलं.

"बसनं आलो, सार."

बाकावरची माणसं हसली. पीए सार हसले नाहीत. "ते नव्हे. आणलं कोणी?"

"कोणी नाही. मीच."

तेवढ्यात आमदार बाहेर आले. रेशमी वेष्टी, पायात चपला सरकवत, गाडीकडे जायच्या घाईत. जाता जाता त्यांनी अण्णाचा अर्ज घेतला आणि वरचं मोठ्यानं वाचलं. अण्णानं कारण लिहिलं होतं: कौटुंबिक अडचण. बदलीच्या अर्जात सगळेच तेवढं लिहितात. वडिलांच्या ओल्या चादरीबद्दल तो परक्या माणसाला लिहिणार नव्हता, हे मला आधीच कळायला हवं होतं.

"बघू," आमदार म्हणाले आणि अर्ज पीए सारांकडे धरला. पीए सारांनी पिशवीचं तोंड उघडलं.

मी मान वर न करता मराठीत बोलले. "अप्पांचं सांग. नुसतं कौटुंबिक काय, सगळं सांग."

अण्णाही माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू गप. तुझं लिही."

"अण्णा, ती पिशवी आहे. तिच्यात गेलं की गेलं."

आमदारांचा हात पुढंच राहिला. पीए सारांनी अर्ज धरला होता, पण आमदार तो सोडत नव्हते. मग त्यांनी माझ्याकडे वळून, आमच्या गल्लीत बोलतात तशा, जरा गंजलेल्या मराठीत विचारलं, "पिशवीत गेलं की गेलं, म्हणजे काय अम्मा?"

मला उभं राहता येईना आणि बसून उत्तर देणंही बरं दिसेना. मी अर्धवट उठले. खुर्ची मागे पडली.

आमदार हसले. बाकीच्यांना तमिळमध्ये सांगितलं, "लहानपणी आम्ही राजवाड्यामागं भाड्यानं राहायचो. घरमालकीण आपल्या पोरांबरोबर मलाही जेवायला घालायची आणि ह्याच भाषेत ओरडायची. मला नीट बोलता येत नाही. शिव्या सगळ्या कळतात."

लोक हसले. मग ते माझ्याजवळ येऊन मराठीत, हळू म्हणाले, "नारळवाल्याला उशीर होतो, ते मला ठाऊक आहे. कुंभकर्ण कोण, तेही ठाऊक आहे." ते रागावले नव्हते. मला वाटतं, त्यांना गंमत वाटत होती. "मी वाट बघत होतो. ही पोर कधी मागते म्हणून. तुम्ही मागितलंच नाहीत. मग मी कसं द्यायचं?"

त्यांनी तिथंच उभं राहून फोन लावला. "आपल्या घरचा मुलगा आहे," असं पलीकडच्या माणसाला सांगितलं. वडिलांबद्दल सांगितलं, माझ्या फोनवरून ऐकलेलं सगळं, अगदी बरोबर. अण्णा मान खाली घालून ऐकत होता. पीए सारांनी पिशवी परत खुर्चीला अडकवली आणि वहीत अण्णाचं नाव लिहिलं. कोणाबरोबर, या रकान्यात त्यांनी माझ्याकडे एकदा बघून लिहिलं: रिसर्च अम्मा.

अण्णा हात जोडून निघाला. मी त्याच्यामागे रस्त्यावर गेले. चहाच्या टपरीपाशी तो थांबला, पण चहा मागवला नाही.

"तुला कोणी बोलायला सांगितलं?"

"पिशवीत गेला असता अर्ज."

"गेला असता तर गेला असता. माझा होता."

"आणि अप्पा?"

रस्त्यावरून एक टाउन बस गेली. सवयीनं त्याची नजर तिच्या दारातल्या गर्दीवर गेली. मग म्हणाला, "आता तुझ्या शिक्षणाचं काय?"

हे तो विचारेल याची मला कल्पना नव्हती. मला रडू आलं असतं, पण टपरीवर माणसं होती. मी म्हणाले, "काही होत नाही." तो म्हणाला, "खोटं बोलू नकोस," आणि बस धरली.

मी तडक विभागात गेले आणि मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "पाल चुकचुकली."

"हो मॅडम."

"त्या ऑफिसातलं काम आजपासून बंद. आतापर्यंतचं राहू दे. आजची ओळ खोडायची नाही. जसं झालं तसं लिहायचं, तुझ्यासकट. मग दुसऱ्या जिल्ह्यात दुसरं ऑफिस शोधू. वर्ष वाढेल."

मी मान हलवली. त्या पेनचं टोपण काढत-लावत होत्या. "त्यांना इतके दिवस ठाऊक होतं?"

"हो. रोज ऐकत होते."

"मग आधीच का नाही केलं? एका फोनचं काम होतं."

मी जिन्यातून वर येताना याचाच विचार करत होते. म्हणाले, "न मागता दिलं तर ते कोणाच्या नावावर पडणार? मी मागितलं की मी आणलं असं होतं. मग मी त्यांची होते, अण्णा त्यांचा होतो, घर त्यांचं होतं. नुसती दया केली तर वहीत लिहायला काही नसतं."

"हे लिही," मॅडम म्हणाल्या. "अगदी ह्याच शब्दांत."

मी लिहिलं. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं म्हणून जे वाक्य मॅडम इतरांना दाखवतात, ते हे. मला ते वाचवत नाही. ते अप्पांच्या ओल्या चादरीतून आलं आहे.

त्यानंतर आदेशाची वाट बघणं सुरू झालं. शेडमध्ये जाणं बंद झालेलं, नवीन ऑफिस ठरलेलं नाही. मी ओरत्तनाडूला घरीच होते. पण घरीही बसता येईना. गावात बातमी आधीच पोचली होती. आमदारांनी भर शेडमध्ये आमच्या भाषेत बोलून फोन लावला, ही काय लहान गोष्ट? आईनं ती चार घरी स्वतः सांगितली. तिला आनंद वेगळाच होता. "आपलं माणूस," ती म्हणायची. परका माणूस आपली भाषा बोलला हे तिला बदलीपेक्षा मोठं वाटत होतं. "म्हणजे आपलं सगळं ऐकलं की त्यानं," असं म्हणून ती पदर तोंडाला लावून हसायची.

मग लोक यायला लागले. एका सकाळी दारात माझे शाळेतले सर उभे होते. ज्यांनी मला निबंध लिहायला शिकवलं, कॉलेजचा फॉर्म भरायला तंजावूरपर्यंत बरोबर आले, ते. हातात प्लास्टिकच्या पाकिटात अर्ज. सुनेची नेमणूक अडकली होती. ते ओट्यावर बसायला तयार नव्हते. मी खुर्ची पुढं केली तरी उभेच.

"तुझ्याबरोबर यावं म्हणतो," ते म्हणाले. "एकटं गेलं तर नुसतं पाणी देतात म्हणे."

मी त्यांना सांगितलं की मी आता तिथं जात नाही, मला जाता येत नाही, नियम आहे. ते ऐकत राहिले. मग अर्ज पाकिटात नीट सरकवत म्हणाले, "बरोबर आहे, बरोबर आहे. घरचं आधी." फाटकाबाहेर जाऊन त्यांनी चप्पल घातली. मी त्यांच्यामागे धावत गेले नाही. धावून जाऊन काय सांगणार होते, ते अजूनही मला सुचलेलं नाही.

आदेश आला. ओरत्तनाडू डेपो. वैनीनं तो देवापुढं ठेवला, आईनं पायसम केलं. संध्याकाळी युनियनचा शाखाप्रमुख आला, काठाची वेष्टी, हातात मिठाईचा पुडा आणि सभासदत्वाचा अर्ज.

"आमदार अय्यांनी स्वतः फोन केला," तो म्हणाला. "आता तुम्ही काय परके? घरचेच."

"होय," अण्णा म्हणाला.

"मी डेपोत सांगून ठेवलंय. कोणी त्रास देणार नाही. दिला तर मला सांगायचं." मग मला बघून म्हणाला, "तंगच्चीनं, ह्या धाकट्या बहिणीनं, आणलं म्हणे तुम्हाला. शिकलेलं माणूस घरात पाहिजेच."

अण्णानं पेन मागितलं. शाखाप्रमुखानं स्वतःचं दिलं. इतकी वर्षं अण्णानं जी सही टाळली होती ती त्यानं तीन ठिकाणी केली, तिकिटं फाडल्यासारखी, भराभर. मी दारात उभी होते. त्यानं माझ्याकडे बघितलं असतं तर मी काहीतरी बोलले असते. त्यानं बघितलं नाही. वैनीनं कॉफी आणली, शाखाप्रमुखानं ती उभ्यानं प्याली आणि गेला.

"काय झालं एवढं," आई म्हणाली. "नुसती सही."

"सहीच," अण्णा म्हणाला. "तिकडचे निवडून आले की मग बघू."

मला वाटत होतं त्यानं माझ्यावर ओरडावं. तू बोलली नसतीस तर मी कोणाचा झालो नसतो, असं म्हणावं. मी ते ऐकायला तयार होऊन उभी होते. निदान त्याच्या रागासमोर मला उभं राहता आलं असतं. "अण्णा," मी म्हणाले, "मी..."

तो आत गेला होता. अप्पांना उठवून खुर्चीत बसवायची वेळ झाली होती. मी उंबऱ्यापाशी गेले. त्यानं अप्पांच्या काखेत हात घातले होते, एक गुडघा खाटेला टेकवून तो त्यांना सरळ करत होता. अप्पांचे पाय चादरीत अडकले होते. बऱ्याच दिवसांनी त्यांना अण्णाच्या हातांचा अंदाज येत नव्हता. ते एका बाजूला झुकले. मी तिथंच उभी राहून बघत होते.

"उभी काय राहिलीस," अण्णा म्हणाला. "पाय धर."

मी आत गेले आणि पाय धरले.